पाणी फेकू नका: हिरवा पडलेला घरचा स्विमिंग पूल पुन्हा निळा करताना

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कर्जतच्या घरून काकांचा फोन आला. काका म्हणजे आमचं घर आणि बाग सांभाळणारे. "ताई, टाकी पार हिरवीगार झालीय. तळ दिसत नाय. सोडून देऊ का पाणी?"

पावसात वीज गेली होती. ती दोन दिवसांनी आली तोवर पंपाचा स्टार्टर जळलेला होता. आठवडाभर पाणी हललं नव्हतं, वरून बागेतली माती वाहून आली होती आणि क्लोरीन कधीच संपलं होतं. शेवाळ धरायला याहून जास्त काही लागत नाही.

मी काकांना म्हटलं, "सोडू नका. मी येतेय." नव्याने पूल सांभाळणाऱ्या प्रत्येकाला मला हेच आधी सांगायचं आहे. हिरवं पाणी वाया गेलेलं पाणी नसतं. ते पाच-सहा दिवसांत, आहे त्याच टाकीत, पुन्हा निळं होतं. आमच्या पुलात ५० हजार लिटर पाणी मावतं, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर. मे महिन्यात आजूबाजूच्या वाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत उभ्या असताना एवढं पाणी ओढ्यात सोडणं मला पटत नाही. शिवाय पावसाळ्यात पूल रिकामा करणं धोक्याचं असतं. जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर आलेली असते, आणि आतलं वजन गेलं की बाहेरचं पाणी रिकामी टाकी खालून उचलू लागतं. तळ फुगतो, टाइल्स सुटतात, फायबरची टाकी तर अख्खी वर येऊ शकते. आणि नवं भरलेलं बोअरचं पाणीही क्लोरीन नसेल तर आठवड्यात हिरवंच होणार.

पूल हिरवा असेपर्यंत मात्र कुणीही आत उतरायचं नाही. हा नियम जंतूंसाठी आहेच, पण त्याहून बुडण्यासाठी आहे. गढूळ पाण्यात तळाशी गेलेलं मूल काठावरून दिसत नाही. सगळ्यात खोल भागातली मेन ड्रेनची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल, तर पूल बंद. आमच्या पाहुण्यांनाही हे ठाऊक झालं आहे.

आधी लिटर मोजा

औषध किती टाकायचं हे दुकानदाराला विचारू नका, कारण तुमच्या टाकीत पाणी किती हे त्याला माहीत नसतं. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली फुटांत मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याला २८.३ ने गुणा. आमचा पूल ३० फूट लांब, १५ फूट रुंद, एका टोकाला ३ आणि दुसऱ्या टोकाला ५ फूट खोल, म्हणजे सरासरी ४. गुणाकार १,८०० घनफूट, आणि लिटर जवळपास ५१ हजार. मी हिशोबाला ५० हजार धरते. बॅलन्सिंग टँक, म्हणजे पुलातून ओसंडणारं पाणी साठवणारी टाकी, असेल तर त्याचं पाणीही धरा.

आता एकच गोष्ट लक्षात ठेवायची. हजार लिटर पाण्यात एक ग्रॅम म्हणजे एक पीपीएम. ५० हजार लिटरला एक पीपीएम वाढवायचं तर ५० ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतं. डब्यात शुद्ध क्लोरीन नसतं, म्हणून लेबलवरच्या टक्क्याने भागायचं. १० टक्क्यांचं लिक्विड हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) असेल तर अर्धा लिटर. ६५ टक्क्यांचं दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट असेल तर साधारण ७७ ग्रॅम. टीसीएल पावडर, म्हणजे ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती ब्लीचिंग पावडर, ताजी असेल तर ३३ टक्क्यांच्या आसपास असते, तिची १५० ग्रॅम. या लेखातले सगळे आकडे ५० हजार लिटरचे आहेत. तुमचा पूल २५ हजारांचा असेल तर निम्मे करा.

टेस्ट किटमधले दोन थेंब

काकांना क्लोरीनची तपासणी माझ्याआधीपासून येते. गावात जलसुरक्षक नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करतो, नळीत थेंब टाकला की पाणी पिवळं होतं, ती त्यांनी वर्षानुवर्षं पाहिली आहे. पुलांच्या स्वस्त किटमध्येही तेच ऑर्थोटोलिडीन असतं. अडचण अशी, की ते टोटल क्लोरीन दाखवतं. त्यात घाम, लघवी, तेल यांच्याशी बांधलं गेलेलं, कामातून गेलेलं क्लोरीनही आलं. शेवाळ मारतं ते फ्री क्लोरीन. म्हणून थोडे जास्त पैसे घालून डीपीडीचं किट घ्या, ज्यात पाणी गुलाबी होतं. त्यात फ्री आणि टोटल वेगळं कळतं, आणि दोन्हींतला फरक म्हणजे कंबाइन्ड क्लोरीन. डोळे झोंबवणारा "क्लोरीनचा वास" याच कंबाइन्डचा असतो. वास आला की लोक म्हणतात क्लोरीन जास्त झालं. बहुतेक वेळा कामाचं क्लोरीन कमी पडलेलं असतं.

नमुना घेताना रिकामी नळी उलटी धरून कोपरापर्यंत हात बुडवायचा आणि खाली गेल्यावर ती सरळ करायची. इनलेटसमोरचं (गाळलेलं पाणी पुलात परत येतं त्या तोंडासमोरचं) किंवा वरवरचं पाणी घ्यायचं नाही. एका चकव्यापासून सावध राहा. क्लोरीन खूप जास्त असलं तर डीपीडीचा गुलाबी रंग क्षणभर येऊन उडून जातो आणि नळी पांढरी दिसते. नवखा माणूस क्लोरीन शून्य समजून आणखी ओततो. शंका आली तर एक भाग पुलाचं पाणी आणि चार भाग आरओचं पाणी मिसळून तपासा आणि आकडा पाचाने गुणा. पीएचचं फिनॉल रेड औषधही १० पीपीएमच्या वर क्लोरीन असताना खोटं जांभळं दाखवतं. म्हणूनच पीएच आधी आणि क्लोरीन नंतर.

किटमध्ये आणखी तीन तपासण्या हव्यात: अल्कलिनिटी (पीएचला सावरून धरणारा पाण्याचा गुण), कॅल्शियम हार्डनेस (पाण्याचा जडपणा) आणि स्टॅबिलायझर, म्हणजेच क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं सायन्युरिक ॲसिड. ज्या किटात स्टॅबिलायझरची तपासणी नाही ते किट घेऊ नका. का, ते पुढे येईलच.

पीएच चुकला तर क्लोरीन वाया

आधीच्या वर्षी मी याच ठिकाणी चुकले होते. पाणी हिरवं झालं म्हणून तीन दिवस लागोपाठ टीसीएल टाकलं. पाणी जरा फिकं झालं आणि चौथ्या दिवशी पुन्हा हिरवं. पीएच मोजला तेव्हा ८.२ निघाला. क्लोरीन पाण्यात गेलं की त्याचं दोन रूपांत वाटप होतं. त्यातलं हायपोक्लोरस आम्ल हे जहाल रूप, दुसरं जवळजवळ निकामी. साध्या पाण्यात पीएच ७.२ असेल तर सुमारे दोन तृतीयांश क्लोरीन जहाल रूपात असतं, ७.५ ला निम्मं, आणि ८.२ ला पाचवा हिस्साही नाही. मी टाकलेल्यातलं बहुतेक क्लोरीन उन्हात उडून गेलं होतं.

आमच्याकडच्या काळ्या कातळातलं बोअरचं पाणी जड असतं. त्याची अल्कलिनिटी २००-३०० असली तरी नवल नाही, आणि अशा पाण्याचा पीएच सतत वर चढत राहतो. कोकणातल्या जांभ्याच्या पट्ट्यात उलटही आढळतं, पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी. त्यामुळे शेजाऱ्याचा डोस उचलू नका, स्वतःचं पाणी मोजा.

शेवाळ मारण्याआधी पीएच ७.२ वर आणायचा. त्यासाठी हायड्रोक्लोरिक ॲसिड, ३० ते ३३ टक्क्यांचं. फरशी धुवायचं पिवळं ॲसिड नको, त्यात लोह असतं आणि ताकदीचा भरवसा नसतो. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर गॉगल, वाऱ्याकडे पाठ. प्लॅस्टिकच्या बादलीत आधी पाणी घ्या आणि मग त्यात ॲसिड. उलट कधीही नाही, ॲसिडवर पाणी ओतलं तर ते उसळून अंगावर येतं. पंप चालू ठेवून खोल बाजूला, इनलेटसमोर बारीक धारेने ओता. एका वेळी अर्धा लिटर, फार तर एक लिटर. चार तासांनी पुन्हा मोजा. त्या जुलैत आम्हाला ८.२ वरून ७.२ वर यायला दोन दिवसांत मिळून जवळजवळ तीन लिटर लागलं, कारण अल्कलिनिटी चढी होती. तुमची ८०-१०० असेल तर निम्म्याहून कमीत काम होईल.

पंपघरात

फिल्टर चालत नसेल तर वरची सगळी मेहनत फुकट. क्लोरीन शेवाळ मारतं, पण मेलेलं शेवाळ पाण्याबाहेर काढतो तो फिल्टर. घरच्या पुलांवर बहुधा सँड फिल्टर असतो आणि त्याच्या डोक्यावर किंवा कुशीला पाण्याची वाट बदलणारा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह. त्याचा दांडा पंप बंद केल्याशिवाय कधीही फिरवायचा नाही. चालू पंपावर फिरवला तर आतलं स्पोक गॅस्केट (रबरी सील) फाटतं आणि मग पुलाचं पाणी गुपचूप वेस्टच्या, म्हणजे बाहेर सोडण्याच्या, पाइपातून जात राहतं.

फिल्टर स्वच्छ असताना प्रेशर गेजचा काटा कुठे असतो तिथे मार्करने खूण करा. काटा त्या खुणेपासून ८ ते १० पीएसआय वर गेला की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुणं. पंप बंद, दांडा बॅकवॉशवर, पंप चालू. बाजूच्या काचेत आधी काळपट हिरवं पाणी धावताना दिसतं, दोन-तीन मिनिटांत ते नितळ होतं. पुन्हा पंप बंद, दांडा रिन्सवर, अर्धा मिनिट पंप चालू, मग फिल्टरवर. रिन्स गाळली तर वाळूत अडकलेली घाण पहिल्याच झटक्यात पुलात परत येते. हिरव्या पाण्याच्या दिवसांत बॅकवॉश दिवसातून दोनदाही करावा लागतो. ते पाणी ओढ्यात सोडू नका, क्लोरीनने मासे आणि बेडूक मरतात. आम्ही ते एका चरात घेतो. वाळू पाच-सात वर्षांत बदलावी लागते, तोवर तिला हात लावायची गरज नसते.

क्लोरीनचा मारा

जाळीने पानं काढली, भिंती घासल्या, पीएच ७.२ वर आला, फिल्टर सुरू. आता संध्याकाळ होऊ द्या. ऊन असताना टाकलेलं क्लोरीन अतिनील किरणांनी तुटतं. स्टॅबिलायझर नसलेल्या पाण्यातून कडक उन्हात दोन-तीन तासांत बहुतेक सगळं उडून जातं.

किती टाकायचं हे स्टॅबिलायझरवर ठरतं. सोपं गणित असं: स्टॅबिलायझरच्या आकड्याच्या सुमारे ४० टक्के फ्री क्लोरीन हवं. आमचा आकडा ३० होता, म्हणून लक्ष्य १२ पीपीएम. ५० हजार लिटरला म्हणजे ६०० ग्रॅम क्लोरीन, १० टक्क्यांचं लिक्विड ६ लिटर. मी लिक्विडच वापरते. दाणेदार कॅल्शियम हायपोही चालतं, साधारण ९०० ग्रॅम, पण त्याने पाण्याचा जडपणा वाढतो आणि आमचं पाणी मुळातच जड. लिक्विडचा कॅन ताजा घ्या आणि सावलीत ठेवा, उन्हात त्याची ताकद झपाट्याने उतरते. फक्त टीसीएलच हाताशी असेल तर पावणेदोन ते दोन किलो पावडर बादल्यांत कालवा, तासभर निवळू द्या, वरची निवळी पुलात घाला आणि खालचा चुना बाजूला टाका. तो पुलात गेला तर पाणी आठवडाभर दुधाळ राहतं.

इथे थांबून एक गोष्ट नीट वाचा. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो. एकच बादली, एकच मग, एकच कपाट दोघांना वापरायचं नाही. एक टाकल्यावर दुसरं टाकण्याआधी पंप काही तास चालू द्या. आणि ट्रायक्लोर, म्हणजे टीसीसीएच्या गोळ्या किंवा पावडर, कॅल्शियम हायपोशी कोरडी मिसळली तर पेट घेते, स्फोटही होतो. टीसीसीएच्या डब्यातला चमचा दुसऱ्या डब्यात गेला तरी पुरे. पावसाळ्याच्या दमट हवेत हा धोका वाढतो. आमच्याकडे लाल चमचा एकाचा, निळा दुसऱ्याचा, आणि डबे पंपघराच्या दोन टोकांना.

पहिल्या संध्याकाळी सहा लिटर टाकले. तासाभराने मोजलं तर क्लोरीन ३. शेवाळाने खाल्लं होतं. पुन्हा चार लिटर, झोपण्याआधी आणखी चार. सगळं एकदाच ओतून झोपी जाण्यात अर्थ नसतो, शेवाळ असेपर्यंत आकडा १२ च्या खाली येऊ द्यायचा नाही. सकाळ-संध्याकाळ मोजा, कमी पडलं तेवढं भरा, पंप चोवीस तास चालू ठेवा, आणि रोज घासा. घासणं टाळू नका. शेवाळावर बुळबुळीत थर असतो, त्याखाली क्लोरीन पोचत नाही. शिडीच्या मागे, लाइटच्या कडेला, पायऱ्यांच्या कोपऱ्यात, टाइल्सच्या सांध्यांत. प्लास्टरला स्टीलचा ब्रश चालतो, टाइल, फायबर किंवा लायनर (प्लॅस्टिकचं अस्तर) असेल तर नायलॉनचाच घ्या, तारेने ओरखडे पडतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका काठावर उभे होते. "ताई, हिरवं गेलं, पण पाणी ताकासारखं झालंय." मला हायसं वाटलं. हिरवा रंग जाऊन पाणी राखाडी-दुधी होणं म्हणजे शेवाळ मेलं, आता ते गाळायचं बाकी. इथे अनेकजण घाबरून औषध बदलतात. बदलू नका, क्लोरीन टिकवा आणि फिल्टर चालू द्या.

तुरटी

चांगला फिल्टर तीन-चार दिवसांत दूध नितळ करतो. घाई असेल किंवा फिल्टर अशक्त असेल तर तुरटी. आजीच्या माठात फिरायची तीच, पण नॉन-फेरिक मागा, लोहाची तुरटी पाणी पिवळट करते. ५० हजार लिटरला दीड किलो, बादलीत पूर्ण विरघळवून. पीएच ७ ते ७.५ च्या दरम्यान हवा. व्हॉल्व्ह रिसर्क्युलेटवर ठेवून पाणी तासभर फिरवा, म्हणजे तुरटीचा गाळ वाळूत जाऊन बसत नाही. मग पंप बंद आणि रात्रभर पाण्याला कुणी हात लावायचा नाही.

सकाळी वरचं पाणी काचेसारखं असतं आणि तळाशी राखाडी मऊ गाळ, ढग उतरून बसल्यासारखा. तो व्हॅक्यूमने थेट बाहेर काढायचा. होज भरेपर्यंत व्हॉल्व्ह रिसर्क्युलेटवरच. होजचं एक तोंड व्हॅक्यूम हेडला जोडून हेड पाण्यात सोडा, आणि दुसरं तोंड, पंप चालू असताना, इनलेटसमोर धरा. होजमधली हवा बुडबुड करत हेडमधून निघते. बुडबुडे थांबले की होज भरला, मग ते तोंड चटकन सक्शन पॉइंटला (पंप पाणी ओढतो त्या तोंडाला) लावा, पंप बंद करून व्हॉल्व्ह वेस्टवर घ्या आणि पंप पुन्हा चालू करा. हवा राहिली तर पंप कोरडा पडतो. हेड मुंगीच्या पावलाने सरकवा. काकांनी पहिल्यांदा झाडू मारल्यासारखं ढकललं आणि सगळा गाळ उठला, मग पुन्हा रात्रभर थांबावं लागलं. या कामात पाण्याची पातळी तीन-चार इंच उतरते, म्हणजे तीन-चार हजार लिटर. ५० हजारांपुढे ते सोसण्यासारखं आहे.

पूल उघडायचा कधी? तीन गोष्टी जुळल्या की. मेन ड्रेनची जाळी स्पष्ट दिसते. कंबाइन्ड क्लोरीन अर्ध्या पीपीएमपेक्षा कमी आहे. आणि तिसरी, सगळ्यात भरवशाची: रात्री अंधार पडल्यावर फ्री क्लोरीन मोजा आणि पहाटे ऊन येण्याआधी पुन्हा. रात्री ऊन नसतं, तेव्हा क्लोरीन कमी झालं तर ते कुणीतरी खाल्लं आहे. फरक एक पीपीएमपेक्षा जास्त असेल तर शेवाळ अजून जिवंत आहे, पाणी कितीही सुंदर दिसो. आमच्याकडे पाचव्या पहाटे फरक अर्ध्यावर आला. तोवर ३५ लिटरचा एक कॅन संपला होता. क्लोरीन चारच्या खाली उतरल्यावर मुलं पाण्यात गेली.

गोळ्यांचा छुपा हिशोब

स्टॅबिलायझरबद्दल मला जरा जोर देऊन सांगायचं आहे, कारण "क्लोरीन भरपूर आहे तरी पूल हिरवा" या तक्रारीमागे बहुतेक वेळा तोच असतो. सायन्युरिक ॲसिड क्लोरीनला उन्हापासून वाचवतं. ३० ते ५० पीपीएम असावं. त्यापेक्षा वाढलं की ते क्लोरीनला इतकं घट्ट धरून ठेवतं की शेवाळ मारायला मोकळं क्लोरीन उरत नाही. आणि टीसीसीएच्या गोळीत ते आधीच घातलेलं असतं. गोळीतून एक पीपीएम क्लोरीन मिळालं की ०.६ पीपीएम स्टॅबिलायझरही येतं. रोज दोन पीपीएमच्या हिशोबाने महिन्याला ३६. दिवाळीनंतर फक्त गोळ्यांवर चालवलेला पूल फेब्रुवारी संपेस्तोवर शंभराच्या पुढे जातो. मग ऐन एप्रिलमध्ये, पाहुण्यांच्या दिवसांत, पाणी हिरवं पडतं. शंभरला रोजचं क्लोरीनच साडेसात लागतं आणि शेवाळ मारायला चाळीस.

स्टॅबिलायझर उडत नाही, फिल्टर होत नाही. निम्मं पाणी काढून नवं भरणं एवढाच उपाय उरतो, आणि तो टाळण्यासाठीच हा सगळा हिशोब आहे. म्हणून मी गोळ्या आम्ही घरी नसतो त्या आठवड्यांपुरत्या फ्लोटरमध्ये, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या डबीत, ठेवते, एरवी लिक्विड.

मोरचूदही असंच. शेवाळावर ते चालतं, द्राक्षबागेत चुन्याबरोबर बोर्डो मिश्रणात फवारतात तेच हे. पण तांबं पाण्यातून जात नाही, साठत राहतं. टाइलच्या सांध्यांवर निळे-काळे डाग पडतात आणि पिकलेल्या केसांना हिरवट छटा येते. क्लोरीन आणि पीएच जागेवर असतील तर त्याची गरजच पडत नाही.

शेवाळ नसलेला रंग

पाणी नितळ आहे, तळ दिसतो, पण छटा हिरवी? ते शेवाळ नसतं, तांबं असतं. क्लोरीन टाकताच पाणी चहासारखं झालं? बोअरच्या पाण्यातलं लोह क्लोरीनने गंजलं. अशा वेळी आणखी क्लोरीन नको, फिल्टर चालवा, तुरटीने बसवा आणि गाळ बाहेर काढा. सावलीच्या भिंतीवर घासल्यावर धुरासारखी उठणारी पिवळसर पूड हे मात्र शेवाळच, चिवट जातीचं. त्यासाठी ब्रश, फ्लोटर, मुलांच्या रबरी नळ्या, सगळं पाण्यात राहू द्या, नाहीतर तिथूनच परत येतं. प्लास्टरमध्ये रुतलेले काळे ठिपके सर्वांत वाईट, ते तारेच्या ब्रशने वरचं टोपण खरवडल्याशिवाय मरत नाहीत.

मग समतोल

पाणी निळं झालं की आकडे जागेवर आणायचे. अल्कलिनिटी आधी, ८० ते १२०. ती पीएचला सावरून धरते, कमी असेल तर पीएच रोज उड्या मारतो. वाढवायला खाण्याचा सोडा, १० पीपीएमला साधारण ८५० ग्रॅम. मग पीएच ७.४ ते ७.६. तो वाढवायचा तर धुण्याचा सोडा, २०० ग्रॅम विरघळवून टाकायचा आणि पुन्हा मोजायचं. कमी करायला ॲसिड, वर सांगितलं तसं. कॅल्शियम हार्डनेस २०० ते ४००. जास्त झाला तर पाण्याच्या रेषेवर टाइलला पांढरी पुटं चढतात, कमी पडला तर पाणी सांध्यातलं सिमेंट खाऊ लागतं. स्टॅबिलायझर ३० वर आणायला कोऱ्या पाण्यात दीड किलो, पायमोज्यात बांधून इनलेटसमोर टांगायचं, ते हळू विरघळतं.

कर्जतसारख्या ठिकाणी हे सगळं ऑक्टोबरमध्ये नव्याने करावं लागतं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे आमच्या पुलाच्या सरासरी खोलीच्या जवळपास अडीचपट. तेवढं पाणी वरून येतं आणि ओसंडून जातं. पावसाच्या पाण्यात ना कॅल्शियम, ना अल्कलिनिटी, ना स्टॅबिलायझर. जूनमध्ये जुळवलेले आकडे दसऱ्याला धुऊन गेलेले असतात. ज्याचा स्टॅबिलायझर चढला आहे त्याला मात्र हा पाऊस फुकटचं औषध आहे, त्याने तोवर धीर धरावा.

घर बंद ठेवून जाणार असाल तर पंप रोज सहा ते आठ तास टायमरवर हवा, आणि फ्लोटरमध्ये गोळ्या. साचलेल्या, क्लोरीन नसलेल्या पाण्यात डासाची अंडी आठ-दहा दिवसांत उडायला लागतात, आणि त्यांचा ताप तुम्हाला नाही, शेजारच्या वाडीला होतो. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये मेंदू खाणाऱ्या अमिबाचे रुग्ण सापडले तेव्हा तिथल्या आरोग्य खात्याने विहिरी आणि पोहण्याच्या तलावांच्या क्लोरिनेशनवर भर दिला, तोही अशाच क्लोरीन नसलेल्या पाण्यामुळे. हा अमिबा कोमट, साचलेल्या पाण्यातून नाकावाटे शिरतो.

आमच्या पंपघराच्या भिंतीवर आता एक फळा आहे. रोज सकाळी आठला काका त्यावर तीन आकडे लिहितात, फ्री क्लोरीन, पीएच आणि गेजचं प्रेशर, आणि फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात. क्लोरीन दोनच्या खाली दिसलं की मी नऊच्या आत फोन करते. परवा मी करायच्या आधीच त्यांचा आला. "ताई, दीड झालंय. अर्धा लिटर टाकलं. संध्याकाळी परत बघतो."